डोक्यावर जागा नव्हती

फेडोरा सुटावरच शोभते की साध्या सदऱ्यावरही चालते, या प्रश्नावर युरोप-अमेरिकेत शंभर वर्षे शाई खर्ची पडली आहे. पैनगंगेच्या काठच्या किनवटमध्ये हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. का, असे विचारले तर उत्तरे तयार असतात. कुणी ऊन पुढे करतो, कुणी गरिबी, तर कुणी आपल्या माणसांचा जुन्याला धरून राहण्याचा स्वभाव. ही उत्तरे खोटी नाहीत, पण पुरी पडत नाहीत. माझे म्हणणे असे की साधारण १९२० ते १९६० ही फेडोराच्या भरभराटीची वर्षे, आणि नेमक्या याच वर्षांत किनवटच्या माणसाचे डोके राजकारणाने अडवून ठेवले होते. डोक्यावर काय आहे यावरून माणूस कुणाचा, हे ठरत होते. ज्या गावात टोपी पाहून माणसाची बाजू ओळखली जाते, त्या गावात ती कोणत्या कपड्यावर खुलते याची चर्चा कोण करणार?

आधी ही टोपी काय आहे ते पाहू. सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांचा दाबून केलेला मऊ नमदा, माथ्यावर लांबट खळगा, पुढच्या बाजूला दोन्हीकडून चिमटा काढल्यासारखा दाब, बुडाशी रेशमी फीत आणि भोवताली दोन-अडीच इंचांचा काठ. हा काठ पुढून खाली वळवता येतो. नाव आले ते १८८२ मध्ये पॅरिसला रंगभूमीवर आलेल्या व्हिक्तोरियां सार्दू याच्या ‘फेदोरा’ या नाटकावरून. त्यात नायिकेची भूमिका सारा बर्नहार्टने केली होती. म्हणजे आज पक्की पुरुषी समजली जाणारी ही टोपी एका नायिकेच्या नावाची आहे. पुरुषांच्या डोक्यावर ती स्थिरावली ती इंग्लंडच्या युवराजाने, पुढच्या आठव्या एडवर्डने, १९२०च्या दशकात ती उचलून धरली तेव्हा. तोवर साहेबाच्या डोक्यावर समारंभाला उंच रेशमी टोपी आणि कचेरीला कडक, गोल बोलर असे. फेडोरा या दोन्हींपेक्षा मऊ, घडी घालता येईल अशी, सुटावर चालणारी आणि सुटीच्या दिवशी साध्या कोटावरही न खटकणारी. औपचारिक आणि अनौपचारिक यांच्यातली भिंत तिने पातळ केली, आणि तिचे यश यातच होते. पण ही भिंत पातळ व्हायची तर आधी ती असावी लागते. आमच्याकडे भिंती होत्या, पण वेगळ्याच ठिकाणी.

किनवट तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता. नांदेडशी त्याचा जिल्हा म्हणून संबंध आला १९५६ मध्ये. सागवानाचे जंगल, गोंड-कोलामांचे पाडे, बंजाऱ्यांचे तांडे, बाजारपेठेत मराठी आणि तेलुगू, कचेरीत उर्दू. या कचेरीत पाऊल टाकायचे तर डोके झाकलेले हवे, हा तिथला पहिला शिष्टाचार. हैदराबादच्या दरबारात जायचे तर डोक्याला दस्तार आणि कमरेला बगलूस नावाचा पट्टा हवाच. ती राजधानीची रीत झाली, पण तिचा धाक खालपर्यंत झिरपत असे. बोडक्या डोक्याने वडीलधाऱ्यांपुढे वा अधिकाऱ्यापुढे जाणे म्हणजे एकतर घरात सुतक आहे, नाहीतर माणूस उर्मट आहे. हा नियम हिंदू-मुसलमान दोघांनाही सारखाच लागू होता. आता साहेबाच्या हॅटचा नियम बघा. छपराखाली आले की हॅट काढायची, बाई समोर आली की काढायची, मान द्यायचा तर काढायची. एकीकडे झाकण्यात अदब, दुसरीकडे उघडण्यात. फेडोरा घातलेला माणूस तहसिलीत शिरला असता तर त्याने काय करायचे होते? टोपी काढली तर तालुक्याच्या हिशेबाने बेअदबी, ठेवली तर टोपीच्याच हिशेबाने. हा पेच पादत्राणांच्या बाबतीत हैदराबादने आधीच अनुभवला होता. बराच काळ इंग्रज रेसिडेंट निजामापुढे बूट काढून जमिनीवर बसत असे. १८६९ मध्ये अल्पवयीन महबूब अली खान गादीवर आले तेव्हा रेसिडेंटने खुर्ची आणि पायातले बूट दोन्ही पदरात पाडून घेतले. पायाची लढाई इंग्रज जिंकले. डोक्याची मात्र कुणी लढलीच नाही, कारण संस्थानात पागोटे, दस्तार आणि टोपी यांचा कायदा निजामाचाच राहिला.

या कायद्याची खूण म्हणजे रूमी टोपी. लाल, कडक, बिनकाठाची, वर काळा गोंडा. ही टोपी नीट ठेवणे सोपे नव्हते. पावसात भिजली, घामाने मऊ पडली की तिचा आकार जाई. मग ती तापवलेल्या पितळी साच्यावर चढवून, वरून दुसरा साचा दाबून पुन्हा ताठ करून घ्यावी लागे. हैदराबादेत हे काम करणारी स्वतंत्र दुकाने होती. शेवटचे निजाम उस्मान अली खान जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणले जात, आणि तरी एकच जुनाट रूमी टोपी वर्षानुवर्षे वापरण्याबद्दल त्यांची ख्याती होती. शेरवानी आणि रूमी टोपी हा संस्थानच्या नोकरदाराचा वेश झाला, आणि तो अंगावर चढवणाऱ्यांत हिंदू कारकूनही होते. पण गंमत अशी की ही टोपी जिथून आली तिथे तिच्यावर संक्रांत आली होती. तुर्कस्तानात सुलतान दुसरा महमूद याने १८२९ मध्ये पागोट्याऐवजी ती आणली, तेव्हा तीच आधुनिकतेची खूण होती. मुस्तफा केमालने ऑगस्ट १९२५ मध्ये कास्तामोनूच्या दौऱ्यात पनामा हॅट घालून लोकांपुढे भाषणे केली आणि २५ नोव्हेंबर १९२५ रोजी कायदाच करून ती टोपी बंद पाडली, तिच्या जागी काठाची हॅट सक्तीची केली. नमाजात कपाळ जमिनीला टेकवायला काठ आडवा येतो, या साध्या कारणासकट अनेक कारणांनी लोक बिथरले. विरोध करणाऱ्यांपैकी काही फासावर गेले. फेडोरा आणि तिची भावंडे तुर्की डोक्यांवर पोलिसी हुकमाने चढली ती अशी. आणि त्याच सुमारास हैदराबाद काय करत होते? ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द होऊन देशोधडीला लागलेल्या शेवटच्या खलिफाला निजाम महिना तीनशे पौंड देत होता. १९३१ मध्ये त्याच खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार आणि नात्यातली निलोफर अशा दोन राजकन्या फ्रान्समधल्या नीस शहरात निजामाच्या सुना झाल्या. ज्या तिजोरीत किनवटच्या सागवानाचाही पैसा जात होता, ती तिजोरी इस्तंबूलने टाकून दिलेल्या जगाचा खर्च उचलत होती. तेव्हा रूमी टोपीऐवजी फेडोरा घालणे ही हैदराबादी नोकरदाराच्या दृष्टीने आवडीनिवडीची बाब उरलीच नव्हती. काठाची हॅट म्हणजे केमाल पाशा, बिनकाठाची टोपी म्हणजे निजाम आणि खलिफा. इतका अर्थ चिकटलेली वस्तू माणूस हौसेने डोक्यावर घेत नाही.

हे झाले कचेरीचे. कचेरीबाहेरची डोकीही मोकळी नव्हती. बंजारा तांड्यावर नायकाच्या पागोट्याला पंचायतीत वजन होते. आदिलाबाद-किनवट पट्ट्यातल्या गोंडांच्या दंडारीत दिवाळीच्या सुमारास गुसाडी नाचतात, त्यांच्या डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला मुकुट असतो. शेकडो पिसे, पुढे आरसे, काहींना शिंगे, अंगाला राख, गळ्यात माळा आणि हातात सोटा. मुकुट चढला की गुसाडी हा नेहमीचा शेजारी राहत नाही, त्याच्यात देव आला असे मानतात. दंडार संपली की मुकुट उतरतो तोही विधीनेच. १९४०च्या दशकात याच जिल्ह्यात राहून राजगोंडांचा अभ्यास करणारे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी या उत्सवाचे सविस्तर वर्णन करून ठेवले आहे. सांगायचा मुद्दा असा, की घरातले आणि समारंभातले हा भेद किनवटला ठाऊक होता, आणि चांगलाच ठाऊक होता. फक्त तो शिंप्याने आखलेला नव्हता. रोजच्या उन्हाला दस्ती किंवा उपरणे, पंचायतीला पागोटे, कचेरीला टोपी, देवाला मोरपीस. प्रत्येक जागेला मालक होता. या सगळ्यांत एकच टोपी सगळीकडे चालवून घेणारी फेडोरा बसवायची तर कुणाला तरी आपली जागा सोडावी लागली असती.

नदी ओलांडली की मात्र चित्र पालटे. पलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. नावाला तेही निजामाचेच, पण १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात आणि १९०२ पासून कायमच्या पट्ट्यावर. म्हणून पैनगंगेच्या एका काठावर साहेबाची हॅट आणि काँग्रेसची पांढरी टोपी यांचा झगडा चालू होता, तर दुसऱ्या काठावर रूमी टोपी आणि पांढरी टोपी यांचा. १९२०च्या असहकारानंतर गांधी टोपी ब्रिटिश मुलखात पसरली. संस्थानात तिला यायला उशीर लागला आणि ती आली तेव्हा जास्तच जड होऊन आली. १९३८ च्या ऑक्टोबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या लढ्याने १९४७ मध्ये धार धरली, तेव्हा उमरखेडसारख्या सरहद्दीपलीकडच्या गावांत शिबिरे उभी राहिली, आणि जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. त्या वर्षभरात पांढरी टोपी घालून रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, समोरून जाणे म्हणजे जीव मुठीत धरून जाणे. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील; शेरवानी, दाढी आणि गोंड्याची टोपी या त्याच्या छायाचित्रांतल्या रूपाने त्या टोपीला नवाच, भीतीचा अर्थ दिला. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या भारत सरकारच्या पोलीस कारवाईनंतर हा काटा उलटा फिरला. ज्यांनी कधी कुणाला त्रास दिला नव्हता अशाही मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेले जे चार जिल्हे नोंदवले त्यांत शेजारचे नांदेड होते. अशा वेळी लाल टोपी घराच्या पेटीत गेली ती बहुतेकांच्या बाबतीत कायमची. इतिहासाच्या पुस्तकात हे सत्तांतर म्हणून नोंदले आहे. बाजारपेठेत ते आधी डोक्यांवर दिसले.

आता आक्षेप घेऊ. पहिला उन्हाचा. नमद्याची टोपी आमच्या उन्हाळ्यात कोण घालील? प्रश्न रास्त आहे, पण गोव्याचे काय? तिथला दमटपणा नमद्याला किनवटच्या कोरड्या उन्हापेक्षा कितीतरी वाईट, आणि तरी पोर्तुगीज अमलात गोव्याच्या ख्रिस्ती भद्रलोकांत हॅट हा नित्याचा पोशाख होता. शिवाय रूमी टोपीही नमद्याचीच, आणि उन्हापासून बचाव करण्यात शून्य; तिला तर काठही नाही. उन्हाचाच विचार माणसांनी केला असता तर गांधी टोपीपेक्षा हॅट बरी ठरली असती, निदान डोळ्यांवर सावली तरी आली असती. दुसरा आक्षेप पैशाचा. तोही अर्धाच खरा. आयात केलेली फेल्ट हॅट महाग होती, मान्य. पण गावात चार-दोन वकील, सावकार, कंत्राटदार असतात आणि महागडी वस्तू मिरवायला त्यांना कारण लागत नाही. त्यांनी मनगटावर घड्याळे बांधली, फाउंटन पेन खिशाला लावले, पुढे मोटारीही घेतल्या. डोक्याशी आले की मात्र थांबले. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियाच्या आयमारा बायकांनी याच काळात साहेबाची बोलर टोपी उचलून आपल्या पारंपरिक पोशाखाचा भाग करून टाकली. गरिबी तिथे आड आली नाही. तिसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. संस्थानात जंगल खात्याचे, रेल्वेचे, पोलिसांचे देशी अधिकारी सोला टोपी घालत होतेच की! घालत होते. पण ती नोकरीची वस्तू होती. शोल्याच्या हलक्या भेंडाची, खाकी कापड चढवलेली ती टोपी दौऱ्यावर निघताना डोक्यावर जाई आणि घरी आल्यावर खुंटीला लागे. लग्नाच्या पंगतीत ती घालून बसलेला यजमान कुणी पाहिला नसेल. हुद्द्याबरोबर आलेली आणि हुद्द्याबरोबर गेलेली ही टोपी माझ्या म्हणण्याला धक्का देत नाही, उलट बळकटीच देते. तीही कुणाची तरी बाजू सांगणारीच होती.

खरा अडसर दोन छायाचित्रांचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. भगतसिंगांचे ते हॅटमधले छायाचित्र मराठवाड्यातल्या शाळांच्या भिंतींवर, रिक्षांच्या मागे, चौकातल्या फलकांवर सगळीकडे आहे. दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळच्या रामनाथ यांच्या स्टुडिओत ते एप्रिल १९२९ मध्ये, असेंब्लीत बॉम्ब टाकण्याच्या काही दिवस आधी काढले गेले. पण ही हॅट भगतसिंगांच्या डोक्यावर आली कशी? पोलीस अधिकारी सँडर्सच्या वधानंतर डिसेंबर १९२८ मध्ये ते लाहोरमधून निसटले ते साहेबी सूट आणि हॅट घालून, बरोबर दुर्गाभाभी पत्नीच्या रूपात आणि आपल्या खेडचे राजगुरू नोकराच्या वेशात. हॅट पाहिली की पोलीस ‘हा सरकारच्या बाजूचा’ असे समजणार, या एका भरवशावर सगळा बेत उभा होता. डोक्यावरून बाजू ओळखण्याची सवय इंग्रजी मुलखातही किती मुरली होती याचा याहून चांगला पुरावा सापडणार नाही. भगतसिंगांनी ती सवयच पोलिसांवर उलटवली. आणि ती अजून सुटलेली नाही. २००८ मध्ये संसदेच्या आवारात त्यांचा पुतळा पगडी घातलेल्या रूपात उभा राहिला, तेव्हा हॅट की पगडी यावरून वाद झालाच.

दुसरे छायाचित्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. सूट, टाय आणि फेल्ट हॅट या वेशातली त्यांची छायाचित्रे सर्वश्रुत आहेत. इथे कुणी म्हणेल, पाहा, मराठवाड्यात इतक्या घरांत पुजल्या जाणाऱ्या माणसानेच हॅट घातली, मग जागा नव्हती कशी म्हणता? मी म्हणतो, याच हॅटने डोक्याचा जुना करार मोडला. कुणी कोणते कापड नेसायचे, कोणता दागिना घालायचा, डोक्याला काय गुंडाळायचे, हे जातीने ठरवून दिलेल्या समाजात महाडला डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी बायकांना जात ओळखू येईल असा पेहराव टाकायला सांगितले होते. त्यांचा सूट आणि त्यांची हॅट त्याच विचाराची पुढची पायरी. ३० डिसेंबर १९३८ ला ते निजामाच्या हद्दीत मक्रणपूरच्या दलित परिषदेला आले आणि पुढे १९५० मध्ये औरंगाबादला त्यांच्या संस्थेचे महाविद्यालय निघाले. मराठवाड्याच्या दलित तरुणाने त्यांचा सूट मनापासून घेतला. पण एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. चौकाचौकांतल्या पुतळ्यांत निळा कोट आहे, टाय आहे, हातात संविधान आहे, चष्मा आहे. हॅट बहुधा नाही. लोकांनी नेत्याचा सूट घेतला आणि हॅट बाजूला ठेवली. शिल्पकाराची सोय हे एक कारण असेल, चेहरा झाकू नये म्हणून. मला वाटते त्याहून मोठे कारण असे की उघडे डोके हीच तेव्हा नव्या माणसाची खूण झाली होती.

कारण १९५६ नंतर किनवट मुंबई राज्यात, मग १९६० मध्ये महाराष्ट्रात आले, तोवर डोक्याची सक्ती सुटत चालली होती. शाळा-कॉलेजात गेलेल्या पिढीने टोपीच सोडली. नदीपलीकडच्या पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. सुटाबुटात, हातात पाइप आणि बहुतेक छायाचित्रांत उघडे डोके. तांड्यातून आलेला माणूस पागोट्याशिवाय, हॅटशिवाय आणि पांढऱ्या टोपीशिवायही सत्तेच्या शिखरावर बसू शकतो, हे या पट्ट्याने पाहिले. डोके मोकळे झाले, पण फेडोराला उशीर झाला होता. मोटारींच्या बुटक्या छपरांनी आणि बदलत्या चालीने ती तिच्या मायदेशीच मरायला टेकली होती. केनेडींनी ती मारली असे सांगतात, ते तितकेसे खरे नाही. २० जानेवारी १९६१ च्या शपथविधीला ते उंच टोपी घेऊन आले होते. हिंदी पडद्यावर देव आनंदने ती तिरकी घालून जिवंत ठेवली, पण पडद्यावरचे सगळेच प्रेक्षक घरी नेत नाहीत.

आज किनवट-माहूरच्या जत्रेत कापडी फेडोरा पोरांच्या डोक्यावर दिसते, लग्नाआधीच्या फोटोंत नवरदेव ती जीन्सवर घालतो, आणि कुणालाही त्यात कुणाची बाजू दिसत नाही. घालणाऱ्याने खुशाल घालावी, सुटावर किंवा बनियनवर; इतक्या वर्षांनी ही निर्धास्ती मिळाली आहे. मात्र तिला किनवटची टोपी म्हणायची घाई करू नये. इथल्या लग्नात अजूनही पाहुण्याला आहेर होतो तो टॉवेल-टोपीचा. ती पांढरी टोपी पातळ कापडाची असते, एका धुण्यात आकसते, घेणारा ती क्षणभर डोक्यावर ठेवून काढतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतो. वापरायला कुणी घेत नाही, तरी देताना ती वगळायची कुणाची छाती होत नाही. फेडोरा ज्या दिवशी त्या टॉवेलावर ठेवून व्याह्याला दिली जाईल, त्या दिवशी ती इथली झाली असे समजावे. अजून तरी तसा आहेर झालेला ऐकिवात नाही.